ब्रेकच्या आधी आलेला हात

प्रिय रूथ आणि नील,

मागच्या रविवारी फोनवर कळलं की नील ड्रायव्हिंगच्या परीक्षेत नापास झाला. "आजी, मी गाडी हळू केली होती ना! रस्ता पूर्ण रिकामा होता. तरी त्या माणसाने लिहिलं, स्टॉप साइनला थांबला नाही." तुमचे बाबा मागून हसत होते. मी हसले नाही, ते नीलच्या लक्षात आलं. "रागावलीस का?" असं त्याने विचारलं.

नाही रे, रागावले नव्हते. मला एक प्रसंग आठवला, जो तुम्हाला दोघांना मी अर्धाच सांगितला आहे. आता नील गाडी चालवणार, रूथ तर चालवतेच, म्हणून पूर्ण लिहिते आहे. मराठी अडलं तर बाबांकडून वाचून घ्या. त्यांनाही उरलेला अर्धा माहीत नाही.

आधी एक सांगते. मी अशा गोष्टींवर कधीच विश्वास ठेवला नाही. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. मुली चिंचेखालच्या हडळीच्या गोष्टी सांगू लागल्या, की मी त्यांना त्याच चिंचेखाली बसवून व्याकरण घ्यायचे. माणूस गेला की तो विसावा घेतो, रस्त्यावर येऊन उभा राहत नाही, अशीच माझी शिकवण आहे आणि आजही मी तेच मानते. तरी जे झालं ते झालं.

तुमचे आजोबा साखर कारखान्याच्या केन यार्डमध्ये होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. उसाने भरलेल्या बैलगाड्या, ट्रक, ट्रॅक्टर वजनकाट्यासमोर रांगेत लावायचे, हे त्यांचं काम. शिट्टी नाही, काठी नाही. नुसता हात वर करायचे, की रांग थांबायची. "चाक हळू झालं म्हणजे थांबलं नव्हे, बाई. चाक थांबलं म्हणजेच थांबलं," असं म्हणायचे. मी शिक्षिका, म्हणून सगळं गाव मला बाई म्हणायचं... आणि घरात हेसुद्धा.

तुमच्याकडे आलो होतो तेव्हा ते रोज खुर्ची टाकून तुमच्या कोपऱ्यावर बसायचे, आठवतं? रूथ, तू त्यांच्यासाठी सरबत घेऊन जायचीस. त्यांना दुसरं काहीच बघायचं नव्हतं. तो स्टॉप साइनचा लाल अष्टकोन, आणि त्याच्यापुढे थांबणाऱ्या गाड्या. "बाई, इकडून कोणी येत नाही, तिकडून कोणी येत नाही... तरी थांबला बघा तो! चार बाजूंनी चौघं आले, आणि चौघंही एकमेकांना 'तुम्ही जा, तुम्ही जा'. आमच्या काट्यावर एकदा तरी असं झालं असतं तर!"

परत आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे ऑइलच्या जुन्या पिंपाचा पत्रा अष्टकोनी कापला. आपल्या वस्तीवरून निघणारा कच्चा शिवरस्ता जिथे सोनईच्या डांबरी रस्त्याला मिळतो, ते तोंड फार वाईट. दोन्ही बाजूंना ऊस. ऊस वाढला की रस्त्यावर काय येतंय ते गाडीचं नाक बाहेर काढल्याशिवाय दिसत नाही. तिथे हा फलक लावायचा होता.

कोपऱ्यावरचा ऊस कचरूभाऊंचा. ते बांधावर बसून गंमत बघत होते. "साहेब, काय लिव्हनार त्याच्यावर? बैलाला वाचता येत न्हाई, अन् ट्रॅक्टरवाल्याला वाचायचं न्हाई!"

"मग लिहीतच नाही," हे म्हणाले. पत्र्यावर आपला पंजा ठेवला, भोवती पेन्सिल फिरवली, आणि लाल रंगावर पांढरा हात काढला. कारखान्यात साखळीत सापडून वाकडी झालेली करंगळीसुद्धा तशीच काढली.

झालं! दुसऱ्या दिवसापासून लोकांनी छळायला सुरुवात केली. "काय साहेब, उमेदवारी भरली का?" कारण हाताचा पंजा म्हणजे निवडणूक चिन्ह. पुढे खरोखरच निवडणूक लागली, आणि आचारसंहितेत चिन्हं झाकायची असतात म्हणून ग्रामपंचायतीचा शिपाई गोणपाट आणि सुतळी घेऊन आला.

"अरे, हा माझा हात आहे," हे म्हणाले.

"असंल की साहेब. पन मतदारांना काय म्हाईत?"

दर निवडणुकीला मग हेच. शिपाई पोतं बांधायचा, निकाल लागला की सोडायचा. हे मात्र पोतं असो नसो, तिथे थांबायचेच. गाडी पूर्ण उभी करायचे आणि डावा हात माझ्यासमोर आडवा धरायचे, लहान मुलाला धरावं तसा, गळ्याच्या जरा खाली. घड्याळाचा स्टीलचा पट्टा माझ्या हाडाला लागायचा, गार. "बाई, थांबा." मग दोन्हीकडे बघायचे. "हं. निघा." मी म्हणायचे, "अहो, मी कुठे निघते, गाडी तर तुम्ही चालवताय!" वर्षानुवर्षं हाच संवाद. मला त्याचा कंटाळा यायचा, हेही सांगून टाकते.

मागच्या पावसाळ्यात ते गेले. तुम्ही आला होतात. घड्याळ मी नीलच्या हातात बांधून दिलं.

त्यानंतर गाडी मी चालवू लागले. माझं चालवणं नेटकं आहे, बाबांना विचारा. त्या तोंडाशी मला कधी विचार करावा लागायचा नाही. उसाच्या हिरव्या भिंतीत लाल दिसला, की पाय आपोआप ब्रेकवर.

हिवाळ्यात निवडणुका लागल्या. कारखान्याचा हंगाम जोरात होता, पण कचरूभाऊंच्या उसाला अजून तोड आली नव्हती. मी त्या दुपारी नेवाशाला निघाले होते. निघण्याआधीच तुमच्या बाबांचा फोन झाला होता. ते म्हणत होते, "आई, एकटी किती दिवस राहणार? वस्ती विकून टाक, इकडे ये." मी मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत होते. काचा बंद. ऊन समोरून डोळ्यांवर. आणि फलकावर पोतं बांधलेलं, उसाच्या वाळक्या पाचटासारख्याच रंगाचं... मला लाल दिसला नाही. तोंड आलं हे मला कळलंच नाही.

आणि गळ्याखाली हात आला.

मी हे अगदी क्रमाने लिहिते, कारण क्रमच महत्त्वाचा आहे. आधी हात आला. आडवा, भक्कम, नेहमीच्याच जागी. पट्टा हाडाला लागला... गार. मग माझा पाय ब्रेकवर गेला. मग गाडी थांबली. आणि मग बॉनेटच्या पुढून ट्रॅक्टर गेला, मागे उसाच्या दोन ट्रॉल्या. बाहेर लोंबणाऱ्या उसाची टोकं काचेवर घासत गेली. त्याचं मोठ्याने लावलेलं गाणं मला तेव्हा ऐकू आलं.

ट्रॅक्टर पुढे जाऊन थांबला. ड्रायव्हर उतरून धावत आला. माझ्या काचेवर थापा मारत म्हणाला, "आज्जे, लागलं का? मला तुमची गाडी दिसलीच न्हाई! तुमी थांबल्या म्हनून..." तो रस्त्याच्या कडेलाच बसला. मला त्याला पाणी द्यावं लागलं.

रूथ, तू म्हणशील सीट बेल्ट. मीही आधी तेच म्हटलं. बेल्ट उजव्या खांद्यावरूनच येतो. पण बेल्ट आवळतो तो ब्रेक लागल्यावर. हा हात ब्रेकच्या आधी आला. आणि आणखी एक. हा हात उजवीकडून आला. आता चालवणारी मी. माझ्या उजवीकडे फक्त दार. जणू मी अजून डावीकडच्या माझ्या जुन्या सीटवर बसले होते आणि ते शेजारी होते.

नील, त्या रात्री मी तुला फोन करून विचारलं होतं, घड्याळ कुठे आहे. तू म्हणालास, "माझ्या हातात आहे, आजी. का?" मी म्हटलं, सहज.

संध्याकाळी कचरूभाऊ आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, ते पोतं काढून टाकू का?"

"निकाल लागेपर्यंत राहू द्या," मी म्हणाले. "नियम आहे."

"तुमी बी लई शिस्तीच्या!"

इथपर्यंतचं बहुतेक तुम्हाला माहीत आहे. बाबांनी ते ऐकलं आणि वस्ती विकायची घाई आणखीच वाढवली. पुढचं मी कुणालाच सांगितलं नाही.

मला तो हात परत हवा होता.

भीती वाटली का, असं लोक विचारतात. भीती ट्रॅक्टरची वाटली. हाताची नाही. इतक्या महिन्यांत मला पहिल्यांदा कुणीतरी थांबवलं होतं. जेवली नाहीस तरी चालेल, उशिरापर्यंत जागी राहिलीस तरी चालेल, कुठेही जा, कधीही ये... माणूस गेल्यावर घरात हेच उरतं. कुणी "थांबा" म्हणत नाही.

मी रोज काही ना काही निमित्त काढून त्या तोंडाशी जाऊ लागले. थांबायचे, बसायचे, वाट बघायचे. काही नाही. मग माझ्या लक्षात आलं, मी थांबते आहे, म्हणून तो येत नाही. जो थांबतो त्याला कोण थांबवणार? तोवर कचरूभाऊंचा ऊस तुटला होता, रस्ता दोन्हीकडे लांबवर दिसत होता. एक दिवस रस्ता रिकामा बघून मी न थांबता गाडी सरळ काढली. नील, अगदी तुझ्यासारखी. हात आला नाही. साहजिक आहे, मला दिसत होतं ना.

तेव्हा मी काय विचार केला, ते लिहायला पेन अडतं. पलीकडच्या शिवरस्त्याच्या तोंडाशी ऊस अजून उभा होता. मी आतल्या वाटेने गाडी त्या शिवरस्त्यावर घातली.

लख्ख दुपार होती. मी गाडी फार वेगात नाही, पण न थांबता त्या तोंडाकडे नेली. पाय ब्रेकवरून उचललेला. सगळं लक्ष गळ्याखाली. आता येईल... आता...

उसाच्या कडेने डोक्यावर हिरव्या वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या शेंड्यांचा, भारा घेतलेली एक बाई रस्त्यात आली. भाऱ्यामुळे तिला बाजूचं काहीच दिसत नव्हतं. मी कचकन ब्रेक दाबला. हात आला नाही. तो ब्रेक माझा होता, माझ्या पायाचा, त्यात मला तिळमात्र शंका नाही. गाडी तिच्यापासून चार हातांवर थांबली.

तिने भारा जरा तिरका करून माझ्याकडे पाहिलं. ऊसतोडणीला पाथर्डीकडून आलेली असावी. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भारा खाली टाकून ती खिडकीशी आली.

"काय झालं व माय? भ्याली का? मला काय न्हाई लागलं."

मी डोळे पुसले.

"अशी मधीच काऊन थांबली? कुनाची वाट बघती का?"

"नाही," मी म्हणाले. "कुणाची नाही."

"मंग जा की घरी. तोंड बघ कसं झालंय! लेकरं वाट बघत असत्याल." तिने डांबरी रस्त्याकडे दोन्ही बाजूंना नीट बघितलं आणि मला हाताने खूण केली. "जा. मोकळं हाय."

तुम्ही माझ्या घरी वाट बघत नव्हतात, हे तिला कसं कळणार? तरी मी घरी गेले. त्यानंतर मी तसं कधी केलं नाही. तिला काही झालं असतं, तर मी कोणत्या तोंडाने आजोबांच्या कबरीवर फुलं ठेवायला गेले असते? आयुष्यभर ज्या माणसाने दुसऱ्यांसाठी चाकं थांबवली, त्याला बोलवायला मी ती सोडून देणार होते.

हे कशामुळे झालं, मला अजून सांगता येत नाही. रूथ म्हणेल, डोळ्याच्या कोपऱ्याने ट्रॅक्टर दिसला असेल, शरीराला सवय आठवली असेल. असेलही. मी खूप विचार केला, ते उत्तर वाईट नाही. फक्त त्या पट्ट्याचा गारवा त्यात कुठेच बसत नाही. आमच्या पाळकांना विचारलं तर ते म्हणाले, "बाई, आभार माना आणि सोडून द्या." आभार मानते. सोडून देणं जमलेलं नाही.

वस्ती मी विकलेली नाही. उन्हाळ्यात डांबरी रस्ता रुंद झाला, त्यात खांब आणि फलक दोन्ही काढले गेले. आता तिथे काहीच नाही, साधा पांढरा पट्टासुद्धा नाही. ऊस पुन्हा वाढतो आहे. मी अजून गाडी चालवते. त्या तोंडाशी आले, की चाकं पूर्ण थांबवते, दोन्हीकडे बघते, आणि मागे कुणी नसेल तर थोडा वेळ तशीच बसून राहते.

मग निघते. थांबायला मी अजून आहे.

तुमची,
आजी