पांगुळगाड्याची चिठ्ठी

जानके, अशी जवळ सरक आणि नीट वाच. चेन्नैला जाऊन दोन वर्षं झाली. दिवाळीला येते म्हणालीस, पोंगलला येते म्हणालीस, आणि पाठवतेस नुसते फोटो. मी काय फोटोला कॉफी देऊ? मुद्दाम देवनागरीत लिहिते आहे. ज्यांनी तुला ती गिरवायला लावली, त्या किल्लीमामांबद्दलच लिहायचं आहे. आणि तुझ्या हातची एक चिठ्ठी इथं म्युझियमात चुकीची लागलेली आहे, तेही सांगायचं आहे.

किल्लीमामा रिकाम्या खोलीचं दार वाजवायचे. मराठी राजांच्या राजवाड्यामागच्या गल्लीतलं आपलं ते लहानसं म्युझियम, त्याची पाच दालनं, पाचही किल्ल्या मामांच्या कमरेला. सकाळी कुलूप काढलं तरी दार लगेच ढकलायचे नाहीत. दोन बोटांनी टकटक करून विचारायचे, "येऊ का?" मग थांबायचे, आतलं कुणीतरी पदर सावरत असावं इतका वेळ. मगच आत. पहिल्या दिवशी तुम्ही पोरं फिदीफिदी हसलात. "मामा, आत आहे कोण?" असं तूच विचारलंस. ते म्हणाले, "ताटं त्यांची, पाळणा त्यांचा, पिकदाणी त्यांची. मग खोली कुणाची? आपण पाहुणे, कण्णा." सगळ्याच पोरांना ते लाडानं कण्णा म्हणायचे.

दर मे महिन्यात अकरावीची सहा मुलं पगार देऊन कामाला घ्यायची, ही मामांचीच कल्पना. वरचे साहेब म्हणाले होते, प्रमाणपत्र द्या, पुरे झालं. मामा ऐकेनात. "प्रमाणपत्राला आलेलं पोर फोटो काढून जातं. पगाराला आलेलं पोर उशीर झाला की घाबरतं. मला घाबरणारी पोरं हवीत." घाबरवलं मात्र कधी कुणाला नाही. फाटकाशी उभे राहायचे आणि उशिरा आलेल्याला एवढंच विचारायचे, "इडली खाल्लीस ना?"

काम तुला आठवत असेलच. प्रत्येकाला एक वस्तू. ती पुसायची, मोजायची, आणि मग आपल्या मराठी घरांच्या गल्ल्यांतून दारोदार जाऊन विचारायचं, ही कुणाची, कशाला वापरायची. मिळेल ते तीन भाषांत चिठ्ठीवर लिहायचं. मराठी तपासायला शनिवारी मी यायची. मी कुठली शिकलेली! शाळा तमिळ, तीही आठवीपर्यंत. देवनागरी सासऱ्यांच्या पोथ्यांवरून आपली आपण लावली. पण मामा मला "टीचर" म्हणायचे, आणि मी आपली खुर्चीत ताठ बसायची.

त्यांचा एक नियम होता. ज्यानं चूक लिहिली, त्यानंच ती खोडायची. तू पितळी परातीवर 'तांब्याची' असं लिहिलंस आणि दुसऱ्या दिवशी तापानं आडवी झालीस. चार दिवस ती चिठ्ठी तशीच. कुणी विचारलं तर मामा सांगायचे, "लिहिणारी तापली आहे. तिचा ताप उतरला की तांब्याचं पितळ होईल."

मग तुझ्या वाट्याला तो पांगुळगाडा आला. तीन चाकांचा, लाकडी; मूल त्याला धरून चालायला शिकतं. तमिळमध्ये आपण नडैवंडी म्हणतो. रजिस्टरात देणाऱ्याची जागा कोरी होती. तुझ्याबरोबर मीही दोन संध्याकाळी हिंडले. कुणाला काही माहीत नव्हतं. शेवटी तू मामांनाच विचारलंस. मामा नेसलेल्या वेष्टीच्या टोकानं किल्ली पुसत राहिले. मग म्हणाले, "तुला सापडलं ते लिही." तू लिहिलंस, 'देणाऱ्याचे नाव माहीत नाही. मुलाचे नाव माहीत नाही.' त्यांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, "अक्षर चांगलं आहे."

तो गाडा रोज सकाळी त्याच्या जागेसाठी आखलेल्या खडूच्या रेघेच्या बोटभर पुढं आलेला असायचा. फरशी उताराची आहे, सगळ्यांना ठाऊक. मी म्हटलं, चाकाखाली पाचर घाला. मामा खाली बसले, गाडा हातानं हळूच मागं नेला आणि म्हणाले, "चालायला लागलेल्याला कशाला अडवायचं, टीचर?"

मागच्या मार्गळी महिन्यात मामा गेले. तुझी परीक्षा होती, त्याबद्दल मी रागावणार नाही. तेराव्याला मामींजवळ बसले होते. त्या एकाएकी म्हणाल्या, "आमचा गाडा अजून पुढं येतो का हो?" जानके, तो गाडा त्यांच्याच घरचा! त्यांची मुलगी. उंबऱ्यापासून तुळशीपर्यंत गाडा धरून चालायची. हात सोडून चालायच्या आधीच तापात गेली; ते सगळं या गल्लीत राहायला येण्याआधीचं, म्हणून इथं कुणाला ठाऊक नव्हतं. गाडा घरात बघवेना, टाकवेना. म्हणून जिथल्या किल्ल्या आपल्याकडे, तिथं मामांनी नेऊन ठेवला. नाव लिहायला बसले आणि हात उठला नाही. मामींना म्हणायचे, "पोरं दारोदार विचारतात. एक ना एक दिवस आपल्याही दाराशी येतील. तेव्हा तू सांग."

आणि आपण काय केलं? गल्लीतलं एकेक दार वाजवलं, त्यांचं तेवढं सोडलं. किल्ल्या ज्याच्याकडे, त्याच्या घरी काय विचारायचं, असं वाटलं आपल्याला!

मी मुलीचं नाव विचारलं. मामींनी मान हलवली. "लिहिणारीला पाठवा. तिलाच सांगीन. त्यांचा नियम आहे." ते नाव आता त्या एकट्यांच्याच तोंडी उरलं आहे, आणि त्या फार थकल्या आहेत. आताशा माणसं ओळखायलाही वेळ लागतो.

नवे साहेब म्हणतात, सगळ्या चिठ्ठ्या छापून घेऊ. मी म्हटलं, ही एक राहू द्या, लिहिणारी यायची आहे. किल्ल्या सध्या माझ्याकडे आहेत. मीही दार वाजवते, "येऊ का?" म्हणते आणि थांबते. परवा जरा जास्तच थांबले. आतून फरशीवर चाक फिरल्यासारखं वाजलं. उतारच असेल. पण मी दार ढकललं नाही, आवाज थांबेपर्यंत उभी राहिले.

लवकर ये गं. माझ्याकडची कॉफी नंतर. आधी मामींच्या दारावर टकटक कर, "येऊ का?" म्हण, आणि थांब. त्यांना उठून यायला वेळ लागतो.