आई गेल्याची ओळ

माझ्या जुन्या लॅपटॉपला आता काहीच पेलत नाही. वर्ड उघडायला सांगितलं की घाट चढणाऱ्या एसटीसारखा घरघरतो आणि मध्येच बसतो. टर्मिनल नावाचा, नुसत्या आज्ञा लिहायचा काळा पडदा मात्र चटकन उघडतो. त्यावर एक छोटी आज्ञा टाइप करायची, पुढे दिवसभराचं जे काही असेल ते एका ओळीत लिहायचं आणि एंटर मारायचं. तारीख आपोआप लागते, ओळ साध्या टेक्स्ट फाइलच्या तळाशी जाऊन बसते. झाली डायरी. ना रेंज लागते, ना पासवर्ड. आमच्या पोशेऱ्याच्या बाजूला रेंजच्या भरवशावर राहणाऱ्याने डायरी लिहायच्या भानगडीत पडूच नये.

जव्हारच्या ऑफिसात मी कारकून आहे. जेवणाच्या सुट्टीत कधी तो काळा पडदा दिसला की सहकारी म्हणतात, "बसले आमचे हॅकर." म्हणोत बापडे.

बाबा विसरायला लागले तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, काय विसरतात, केव्हा विसरतात ते टिपून ठेवा. मला बरंच वाटलं. हे काम आपल्या हातचं होतं. शोधायलाही सोपं, 'ग्रेप' ही शोधायची आज्ञा लिहून पुढे एक शब्द टाकला की तो शब्द असलेल्या सगळ्या ओळी हजर. बाबांच्या डोक्यातून जे सांडेल ते माझी फाइल भरून घेईल, असा मला माज होता. माजच तो.

मग आई गेली, साध्या तापाचं निमित्त होऊन. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, आणि एक दिवस नागलीच्या शेतावरून येऊन बाबांनी विचारलं, "ती कठं गेली?"

मी लॅपटॉप उघडला, 'आई' शोधलं आणि शेवटची ओळ वाचून दाखवली. 'आई पहाटे गेली. बाबांनी तोंडात पाणी घातलं.'

बाबा ऐकत राहिले आणि मग ऊर बडवून रडले. "मला कोनी सांगितलं कसं नाय?"

दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तीच ओळ, तेच रडणं. लिहिलेलं दाखवलं की माणूस मानतो, ही आम्हा कारकुनांची समजूत. बाबा मानायचेही. रोज नव्याने मानायचे, हीच तर पंचाईत होती.

बायको माझ्यावर चिडली. "रोज उठून काय पुरावे दाखवताय त्यांना? आई बाजाराला गेल्यात म्हणून सांगा की."

तसं सांगितलं. खोडाळ्याच्या बाजाराला गेलेलं माणूस दुपारपर्यंत परत येतं. बाबा ओट्यावर जाऊन बसले. रस्त्यावर जीप थांबली की उठायचे, उतरणारी एकेक बाई न्याहाळायचे, पुन्हा बसायचे. ताट पुढे केलं तर म्हणाले, "ती आल्यावर." खरं सांगावं तर रडतात, खोटं सांगावं तर उपाशी राहतात. इकडे आड, तिकडे विहीर.

शेवटी मी ती ओळच पुसायला बसलो. टर्मिनलमध्ये 'नक्की ना?' असं कोणी विचारत नाही. आज्ञा दिली की ओळ गेली. आज्ञा टाइप केली, बोट एंटरवर ठेवलं आणि काढून घेतलं. ओळ पुसून आई थोडीच जीपमधून उतरणार होती? इतका हतबल मी कधीच झालो नव्हतो. त्या दिवशी फाइलमध्ये काही लिहिलं नाही.

पुढे बाबांनी विचारणं आपोआप बंद केलं. बायकोला हायसं वाटलं. मला मात्र नाही. ते आईला शोधत होते तोवर ती त्यांच्यापाशी तरी होती. आता ती तिथूनही गेली असली तर?

एका रविवारी सकाळी बाबा ओट्यावर ऊन खात होते. मी लॅपटॉप घेऊन शेजारी बसलो. न विचारताच ती ओळ मोठ्याने वाचली. त्यांनी रडावं म्हणूनच वाचली, खोटं कशाला बोलू.

बाबा रडले नाहीत. सावकाश माझ्याकडे वळले.

"कोनाची आय गेली? तुझी?"

"हो."

"लय वाईट झालं रं पोरा."

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. आमच्याकडे समाचाराला आलेला म्हातारा माणूस मागे कोण उरलं ते विचारतोच. बाबांनीही विचारलं.

"बाप हाय ना?"

"हाय," मी म्हटलं.

"मंग इथं काय बसलास? घरी जा. तो एकटा असंल."