ओसरीवर उघडलेली मोटारसायकल

वहिनी गेली त्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या भावानं आपली मोटारसायकल ओसरीवर आणून पार सुटी केली. महाराष्ट्र नवा नवा होता, आमच्या गावापर्यंत सडक अजून यायची होती. पहिलं बाळंतपण म्हणून वहिनीला साखरखेर्ड्याला माहेरी पोचवायचं ठरलं होतं, पण त्याआधीच भर दुपारी तिला कळा सुरू झाल्या. दवाखाना होता तो धाड गावात; तिथून जीप आणायला दादा धावत गाडीकडे गेला. किक मारत राहिला, मारतच राहिला. गाडी सुरू झाली नाही. शेवटी बैलगाडी जुंपली आणि धाड यायच्या आत वहिनी आणि पोटातलं बाळ दोघंही गेली.

तेरावा झाल्यावर त्यानं गाडी खोलली. आम्हाला वाटलं, बिघाड शोधतोय, शोधू दे. तो सापडला की नाही, हे त्यानं कधी सांगितलं नाही. इंजिनाची झाकणं, कार्बोरेटर, ब्रेकचे ड्रम, सगळं पोत्यावर मांडलेलं असे. आधी रॉकेलमध्ये बुडवून खाचांमधला चिकटा काढायचा, मग ओला पॉलिश पेपर, पहिल्यांदा खरखरीत, नंतर मऊ, आणि शेवटी जुन्या धोतराच्या फडक्याला पॉलिश लावून घासत बसायचं. फडकं काळं होत जाई आणि झाकण उजळत जाई. त्यात तोंड दिसायला लागलं की ते बाजूला ठेवी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच हातात घेई. अडतीचं दुकान वडील एकटेच ओढत होते. मला तर त्या घासण्याच्या आवाजाचा तिटकारा आला होता. मोठ्यानं रडला असता, तर निदान त्याच्याजवळ तरी जाता आलं असतं.

गावाला काय, बोलायला आयतंच मिळालं. कोणी म्हणे याला येड लागलं, तर कोणी दुसरी पोरगी सुचवायला नेमकं चहाच्या वेळी हजर. मायचं सगळ्यांना एकच उत्तर होतं. खंडेनवमीला घरातल्या औजारांबरोबर गाडीची पूजा करायची, तोवर तो ती जोडेल, आणि एकदा गाडीवर बसला की माणसांत येईल. तिचा सगळा जीव त्या एका दिवसात अडकला होता.

नवमी तोंडावर आली तरी घासणं सरेना, तेव्हा तिनंच पदर खोचला. दादा नदीवर आंघोळीला गेल्याचं पाहून तिनं झाकणं उचलली आणि धुण्याचा सोडा टाकून चुलीवर उकळायला ठेवली. सणाआधी चिकट झालेली भांडी ती अशीच उजळून काढायची. पण आमच्या घरात सगळं पितळ नि तांबं. झाकणं होती अ‍ॅल्युमिनियमची. त्याला ती जर्मन म्हणायची, आणि जर्मनला सोडा चालत नाही हे तिला कोण सांगणार? झाकणं बाहेर निघाली ती तव्यासारखी काळी. करायला गेली एक अन् झालं भलतंच. माय मटकन खाली बसली.

दादा आला. मला वाटलं, आता काही खरं नाही. त्यानं एक झाकण उचललं, उलटसुलट करून पाहिलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याचा चेहरा सैल झाला.

"राहू दे माय," तो म्हणाला. "घासतो मी पुन्हा."

आणि लगेच पोत्यावर जाऊन बसलाही. त्याला राग यायला हवा होता. तो सुटल्यासारखा दिसला.

मायलाही ते दिसलं असावं. ओले हात पदराला पुसत ती त्याच्यापुढं जाऊन बसली. "आता घासू नको रे बापा. काळी तं काळी, तशीच जोड. परवा पूजा हाय. काऊन जोडत नाही तू?"

तो घासत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "जोडली अन् एका किकमधे चालू झाली तं? मंग मी काय करू, माय?"

 

घरात दुःख असल्यानं खंडेनवमीला गोडधोड झालं नाही, पण औजारांना हळदकुंकू लावावंच लागतं. वडिलांनी नांगर, विळे, दुकानातला तराजू धुऊन ओळीनं मांडले आणि मायला हाक मारली. ती उठली नाही. ओसरीवर दादाच्या शेजारी बसून ती दुसरं झाकण घासत होती.