गोदूबाईच्या टाळूवरचं नाव

गोदूबाईला बोलायला माणूस नव्हतं, आणि बोलायची हौस तर अशी, की टोपलीतल्या सुरमईशीही गप्पा मारील. नवरा मालाच्या पडावावर, शिडाच्या होडीवर, खलाशी. मंगळूरहून कौलं आणायला गेला तो गेला. पडाव बुडाला म्हणतात. कुणी बघितला नाही. बरोबरच्या खलाशांच्या बायकांनी कुंकू पुसलं, हिने नाही पुसलं. मग काय विचारता! हळदीकुंकवाला सवाष्णी बोलवीनात, विधवा आपल्यात धरीनात. दर्यावरून न परतलेल्याचं नाव किनाऱ्यावर घ्यायचं नाही, ही सर्जेकोट गावाची रीत, त्यामुळे त्याचं नावही वाडीने टाकलेलं. आणि ती स्वतः कशी घेणार? बायकोने नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. कुठेतरी जिवंत असला तर?

बासष्ट साली पुण्याच्या एका कॉलेजातले रविकांत मास्तर गावच्या शाळेत येऊन उतरले. मालवणी बोलताना जीभ कुठे लागते, ओठ किती मिटतात, हे त्यांना मोजायचं होतं. यात मोजायचं ते काय, असं अख्ख्या गावाला वाटलं. पण दात शाबूत नि आवाज खणखणीत म्हणून हेडमास्तरांनी गोदूबाईला सुचवलं. कोळशाची पूड तेलात कालवून जिभेला फासायची, एकच शब्द म्हणायचा आणि आ करून बसायचं. जीभ टेकली तिथे टाळूवर काळा डाग उमटतो. तोंडात आरसा धरून त्याचा फोटो काढायचा.

शेजारीण सरला खिदळली, "गोदूबाय, ह्या वयात तोंड काळा करूक चललंस गो?"

"चललंय! तुझ्या पोटात कित्या दुखता?"

गेली, पण नशीब बघा. चार गोष्टी बोलायला मिळतील म्हणून धुवट लुगडं नेसून गेली, तर तिथे एक शब्द बोलून गप्प. चूळ भरायची, पुन्हा जीभ काळी करायची. मेलं असलं कसलं बोलणं!

दुपारी मास्तर म्हणाले, "आता 'बाबल' म्हणा. तुमच्याकडचंच नाव आहे. ओठ दोनदा मिटतात, जीभ एकदाच वर लागते. मला अगदी असाच शब्द हवा होता."

गोदूबाईने हातातला तांब्या खाली ठेवला. किती वर्षांनी ते नाव तिच्या कानावर पडलं, तेही असं, चणेफुटाणे म्हणावं तसं.

"ह्या माका जमाचा नाय. घोवाचा नाव ता."

नवऱ्याचंच नाव म्हटल्यावर मास्तर वरमले. "राहू द्या, राहू द्या. दुसरा शब्द घेऊ."

सुटली की बाई! पण ती जागची हलेना.

"मास्तरानू, तुमी परत एकदा म्हणा बगूया."

"बाबल," मास्तर हळूच म्हणाले.

"आणिक एकदा."

त्यांनी म्हटलं. ती मान खाली घालून ऐकत राहिली. तिला रडू आलं, आणि रागही आला. ज्याचं काही नातं नाही त्याने खुशाल म्हणावं, आणि ज्या बायकोचा तो माणूस तिने तोंड शिवून बसावं?

"फासा ती पूड," ती म्हणाली.

आणि तिने नाव घेतलं. पुटपुटली नाही, चांगली हाक मारल्यासारखी म्हणाली. मास्तरांनी आरसा धरला. पुढच्या दातांमागे, टाळूवर, बोटाच्या पेराएवढा काळा ठसा होता. फोटो झाला तरी ती आरशातच बघत होती. मास्तरांनी चूळ भरायला तांब्या पुढे केला, तिने हातानेच नको म्हटलं आणि तोंड न हलवता घरी आली.

सरलाने वाटेत हटकलं, तरी बोलली नाही. जेवलीही नाही. पण लाळ काय कुणासाठी थांबते? तेलकट, कडवट, जे होतं ते हळूहळू घशाखाली उतरलं. तिने थुंकलं मात्र नाही.

उन्हं कलल्यावर ती सरलाच्या पडवीत येऊन बसली.

"सरले, आज मी तेचा नाव घेतलंय."

सरला चपापली. "मगे?"

"मगे काय? तो जितो आसतो, तर माझी जीब उठलीच नसती गो."

तो गेला, हेच इतकी वर्षं सरला तिला सांगत आली होती. आज तिच्या तोंडून ऐकलं, तर "नाय गो, येतलो तो," असं म्हणावंसं तिला वाटलं. तिने नुसता गोदूबाईचा हात धरला.

"उद्या भटाक बोलवून हाड," गोदूबाई म्हणाली. "काय ते तेचे दिवस-पाणी करूया. भटाक नाव लागतला मा? ता मीच सांगतलंय."