कोरी कॅसेट

त्या सरांची आठवण आली की मला अजूनही शिसारी येते. सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं. मी वाशिमच्या एका शाळेत संगीत शिकवत होतो. नागपूरकडचे हे संगीताचे सर परदेशात रेगे नावाचं गाणं ऐकून आले होते आणि आपल्याकडच्या तशाच मुळांवर पुस्तक लिहायला गावोगाव हिंडत होते. आफ्रिकेतून नेलेल्या गुलामांच्या नातवंडा-पतवंडांचं हे संगीत, असं त्यांनी मला टेप लावून समजावलं. मीही डोलायला लागलो, खोटं कशाला सांगू. अशी मुळं तुमच्या समाजातही असतील, म्हणाले. ‘तुमच्या’ हा शब्द फार मऊ आवाजात.

मी त्यांना रिठदला मामाकडे नेलं. मामीनं चहा आणला, तर म्हणाले, आत्ताच घेतलाय. मी सकाळपासून सोबत होतो. कुठेही घेतला नव्हता. बाजेवर आधी रुमाल अंथरला, मग त्यावर बसले. रेगे लावलं, मधेच कॅसेट पालटली आणि त्या दूरच्या गुलामांसाठी डोळे पुसले. रुमाल खाली अडकल्यामुळे बाहीनं.

त्यांना हवं होतं डफडं. मामाच्या तरुणपणी गावाच्या वरातीपुढे, मयतीपुढे, शिळ्या भाकरीवर वाजवावं लागायचं ते. दीक्षा घेतली त्या वर्षी मामानं आपलं डफडं नदीत फेकलं होतं. सरांनी गावातून कुणाचं तरी मागवलं आणि मामाच्या पायाशी ठेवायला लावलं. एकदाच वाजवा, म्हणून लाडीगोडी लावत राहिले. मामा त्याच्याकडे बघेचना.

मग मामी मधे पडली. आमच्या बाया विहारात गाणी म्हणतात, ती घ्या, म्हणाली. बाया जमल्या, पेटी आली. मामी डोळे मिटून गायली, आणि मला दिसलं की टेपची चाकं फिरतच नव्हती. सर मात्र मान डोलवत होते. माझ्या कानाशी लागून म्हणाले, “सिनेमाची चाल आहे हो. एकच कोरी कॅसेट उरलीय, ती डफड्यासाठी.”

अंगावर पाल पडल्यासारखं झालं मला.

गाणं संपल्यावर मामीनं आपला आवाज ऐकायला मागितला. सर म्हणाले, सेल उतरले. तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की यांनी बटन दाबलंच नाही.

मामीनं पदर सारखा केला आणि सरांना म्हणाली, “आमी पुन्हा म्हन्तो. दाबा आता.”

सरांनी कोरी कॅसेट घातली आणि दाबलं. मामा बाजेवरून उठून टेपापुढे उकिडवा बसला. चाकांवरची नजर त्यानं काढली नाही. एक गाणं संपलं की बाया दुसरं धरत. बटन टक्कन वर आलं तेव्हा सरांनी हात पुढे केला, पण मामानं त्यांना मघाशी कॅसेट पालटताना पाहिलं होतं.

“पालटवा,” तो म्हणाला.

दुसरी बाजूही बायांनी गाऊन भरली. मग सरांना ते सगळं ऐकवावं लागलं. स्वतःचा आवाज ऐकून मामी तोंडाला पदर लावून हसली.

“आता जागा नाई न राह्यली?” मामानं विचारलं.

सर नाही म्हणाले.

“मंग ते डफडं उचला. ज्याच्या घरचं हाय, त्याले तुमीच देऊन या.”

सरांनी बाजेवरचा रुमाल घेतला आणि त्यात धरून ते उचललं.