नकाशात न सापडणारं नामोआ

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलाशी एक मलेशियन चिनी बाई बसते. पन्नाशीची, मोजकं बोलणारी. गेल्या वर्षी तिची आई गेली. सुट्टीवरून परतताना तिने आईच्या कपाटातला एक कागद सोबत आणला. तिच्या आजोबांचा बाप्तिस्म्याचा दाखला. कुणा मिशनरी फादरने इंग्रजीत लिहिलेला. जन्मस्थान, नामोआ.

"चीनच्या किनाऱ्यावर आहे, एवढंच माहीत आहे. मॅपवर सापडत नाही," ती म्हणाली. तिचं शिक्षण इंग्रजीत झालेलं, चिनी वाचता येत नाही.

मला ते स्वस्थ बसू देईना. संध्याकाळी शारजाच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकली की मी फोनवर नामोआ शोधायची. भलतीच गावं यायची. अखेर एका पानावर वाचलं की नामोआ हे नान-आओ नावाच्या बेटाचं जुनं इंग्रजी नाव. ते बेट म्हणजे एक काउंटी, आपल्या तालुक्यासारखी.

सकाळी तिला सांगितलं, तर तिने मान हलवली. "आजोबा कधीच नान-आओ म्हणाले नाहीत. हे दुसरं काहीतरी असेल."

चार दिवस ती नीट जेवली नाही. मग तिला आठवलं, मलेशियात चिनी लोक थडग्यावर मूळ गावाचं नाव कोरतात. तिने भावाला कबरस्तानात पाठवलं. आजोबांच्या थडग्याचा फोटो आला. वरती दोन अक्षरं, आम्हा दोघींनाही न कळणारी.

आमच्या मागच्या गोडाऊनमध्ये एक चिनी मॅनेजर आहे. लंच सोडून आम्ही त्याच्याकडे गेलो. त्याने फोटो मोठा करून पाहिला.

"नान-आओ," तो म्हणाला.

तिचा चेहरा पडला. "माझे आजोबा नाम-ओ म्हणायचे."

तो हसला. "मग ते अस्सल तिथलेच. नान-आओ हा सरकारी भाषेतला उच्चार. तिथली माणसं ह्याच अक्षरांना नाम-ओ म्हणतात. गोऱ्यांनी त्यांच्या तोंडून ऐकलं आणि नामोआ लिहिलं."

ती तिथेच खोक्यावर बसली आणि रडली. तो बिचारा गोंधळून पाणी आणायला धावला.

घरी हे सगळं मी मुलीला सांगितलं. ती माझ्या पासपोर्टचं पान उघडून म्हणाली, "मम्मा, यू वर बॉर्न इन बेसिन? दॅट्स इन म्यानमार!" तिने फोन पुढे केला. खरंच, बेसिन टाकलं की म्यानमारचं शहर येत होतं. माझ्या वसईचं नाव कुठेच नाही. इतकी वर्षं मी ते पान सगळीकडे दाखवत होते, कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र राहवलं नाही. मी वसईला पप्पांना फोन लावला.

"पप्पा, माझ्या जन्माच्या दाखल्यावर वसई का नाही लिहिलंत?"

"मी वसईच सांगितलं होतं गं," ते म्हणाले. "कारकुनाने बेसिन लिहिलं. इंग्रजांपासून तसंच चालत आलेलं. कोण भांडणार?"

ईदच्या सुट्टीत ऑफिसातली ती बाई नान-आओला जाऊन आली. आता तिथवर पूल आहे. आजोबांना ओळखणारं कुणी भेटलं नाही, घरही नाही. पण मासे वाळत घालणाऱ्या एका म्हातारीला तिने विचारलं, हे कुठलं गाव? म्हातारी म्हणाली, "नाम-ओ."

"मग आता बरं वाटतंय ना?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "आता तर जास्तच घालमेल होते. त्या म्हातारीची भाषा मला अर्धीच कळली. पुढच्या सुट्टीत परत जाणार, जरा जास्त दिवस."

आणि तिने लगेच रजेचा फॉर्म उघडला.