अंबाडीचे दोर

गोदीत कामाला असलेला माझा भाऊ सुटीवर आला आणि त्यानं नळगंगा धरणात चालवायला शिडाची छोटी नाव बांधली. डोलकाठीला आधार देणारे अंबाडीचे दोर त्यानं काठावरच गच्च आवळले. घरच्या बाजा मी असल्याच दोरांनी विणायचे, वरून पाणी मारून ताठ करायचे. म्हटलं, "दादा, ढिले ठेव. भिजले की आखडतेत."

"तुले काय समजते? तू बाज विण."

धरणात पाण्याच्या शिंतोड्यांनी भिजून दोर आखडले, वारा लागताच डोलकाठी मधोमध तडकली. "लाकूडच सडकं होतं," त्यानं गावभर सांगितलं. माझं डोकं फिरलं.

नव्या काठीचे दोर बांधताना त्यानं दोन बोटं ढिले ठेवले. लोकांनी कारण विचारलं.

"गोदीत असंच बांधतेत," तो म्हणाला. दोराचं दुसरं टोक माझ्याच हातात होतं.